छापलंय तसंच टाइप कर

६ जानेवारी, शनिवार

आमच्या टॅमराने ही वही भेट दिली. म्हणाली, "बाबा, रिटायर झाल्यापासून तू आईचं डोकं खातोयस. आता थोडं हिचं खा." वही चांगली जाड आहे. म्हणजे मुलीच्या अंदाजाने आईला बराच त्रास होत असावा.

शाळाखात्याचे कॉम्प्युटर सांभाळण्यात माझी एकतीस वर्षं गेली. खरं सांगायचं तर लोकांना "बंद करून परत चालू करा" असं सांगण्यात गेली. ऑक्टोबरात केक कापून मला निरोप दिला. तेव्हापासून मी घरातल्या वस्तू बंद करून परत चालू करतो आहे.

आज आमच्या युक्रेनी पंचांगाप्रमाणे ख्रिसमसची आदली संध्याकाळ. बारा पदार्थ, एकातही मांस नाही, आणि टेबलाभोवती सोळा माणसं. जेवण उरकत आलं तेव्हा लेस्याच्या भाच्याच्या नव्या बायकोने विचारलं, "मायरनकाका, तुमची आणि लेस्याकाकूची गाठ कशी पडली?"

मी तर वाटच बघत होतो. एकोणीसशे चौऱ्याऐंशी. मी सतरा वर्षांचा आणि डॉफिन गावातला एकमेव छापून आलेला प्रोग्रॅमर. गावात एक संगणक मंडळ होतं, त्याच्या पत्रकात माझा 'गोफर' नावाचा खेळ आला होता. शेतात बिळं करणारा गोफर, त्याच्या मागे ट्रॅक्टर, असा खेळ. तेव्हा असा खेळ हवा असेल तर पत्रकातल्या दोन पानांवरचे आकडे एकेक करून आपल्या मशीनवर टाइप करावे लागत. तर सतरा मार्चला, शनिवारी, आमच्या दाराची बेल वाजली. दारात सोळा वर्षांची एक मुलगी, लोकरीच्या हातमोज्यात ते पत्रक घट्ट धरलेलं. म्हणाली, "तुझा खेळ चालत नाही. मी तीनदा तपासलं." मी दाराला रेलून उभा राहिलो, मिशीचे होते नव्हते ते सात केस कुरवाळले आणि म्हटलं, "छापलंय तसंच टाइप कर. स्वतःचं डोकं लावू नकोस!"

इथे सगळे हसतात. हसतात कारण त्यांना लेस्या माहीत आहे. मग मी म्हणतो, "तिला काही खेळ चालवता आला नाही, म्हणून मग ज्याला चालवता येत होता त्याच्याशी लग्न केलं." इथे परत हसतात. हा किस्सा मी लग्नात सांगितला, टॅमराच्या पदवीदानाला सांगितला, आणि एकदा लेस्याच्या काकांच्या मयतीनंतरच्या कॉफीलाही सांगितला. तिथेही हसले होते.

लेस्या नेहमीप्रमाणे ताटं उचलायला लागली होती. किस्सा सुरू झाला की ती ताटं उचलते. तिला तो पाठच झालाय.

९ जानेवारी, मंगळवार

विल्फ देजार्लेचा फोन. चौऱ्याऐंशीत ते पत्रक विल्फच काढायचा. मी आईच्या टाइपरायटरवर बडवून दिलेली पानं तो चर्चच्या ऑफिसातल्या यंत्रावर छापून घरोघर टाकायचा.

"अरे, चाळीस वर्षं होतायत," तो म्हणाला. "जे जिवंत आहेत त्यांना तरी गोळा करू. सोळा मार्च, कर्लिंग रिंकच्या वरचा हॉल. मशीनं मी आणवतो."

"आणि करायचं काय? एकमेकांची टकलं बघायची?"

"तुझा गोफर टाइप करायचा. सगळ्यांनी, जोडीजोडीने. एकाने वाचायचं, दुसऱ्याने टाइप करायचं, जसं तेव्हा करायचो. आणि मग तू भाषण दे. तू काय, सोडणार आहेस का?"

मी म्हटलं, बघतो. फोन ठेवायच्या आत भाषणाचा पहिला परिच्छेद डोक्यात तयार झाला होता.

१४ जानेवारी, रविवार

बाहेर उणे एकतीस. तळघरात बीटाच्या लोणच्याच्या बरण्यांमागे माझं तेव्हाचं मशीन, कमोडोर, सापडलं. पोटात मृत माशी होती एक, बाकी ठणठणीत. जुना टीव्हीही अजून जीव धरून आहे. जोडलं, बटण दाबलं, आणि तो निळा पडदा उजळला. वर लिहून आलं की अडतीस हजार नऊशे अकरा बाइट मोकळे आहेत, आणि खाली तो चौकोन लुकलुकायला लागला. आज फोनवर मांजराचा एक फोटोसुद्धा एवढ्यात मावत नाही. पण तेव्हा वाटायचं की यात अख्खं जग मावेल, आणि मावेल की नाही हे आपल्यावर आहे. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. धूळ होती बरीच.

लेस्या कपड्यांची टोपली घेऊन जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभी होती. बराच वेळ पडद्याकडे बघत होती.

"काय हवंय?" मी विचारलं.

"काही नाही. ड्रायर थांबायची वाट बघतेय."

ड्रायर चालू नव्हता. हल्ली तिचं लक्ष नसतं.

खेळ साठवलेली कॅसेट मात्र नाही. ती टॅमराने दोन वर्षांची असताना ओढून, उलगडून, मांजराच्या गळ्यात घातली होती. म्हणजे लेखकालाही आता आपलं पुस्तक छापील प्रतीवरून उतरवून घ्यायचं आहे. विल्फने त्याच्याकडचं जुनं पत्रक पाठवलंय. मोठ्या दिवसाआधी एक रंगीत तालीम झालेली बरी.

२१ जानेवारी, रविवार

लेस्याला वाचायला बसवलं. आधी नाहीच म्हणाली. "मला त्यातलं काही कळत नाही, तूच म्हणतोस ना." मी म्हटलं, "कळायचं काय त्यात? आकडे वाचायचे. तीनशे बारा आहेत."

चष्मा लावून बसली. आवाज छान आहे तिचा. धान्याच्या कोठारावर वजनकाट्याच्या खिडकीत एकोणतीस वर्षं बसली, ट्रकांची वजनं मोठ्याने सांगायची सवय आहे. आकड्यांच्या सहा-सात ओळी झाल्या आणि ती थांबली.

"इथे एकशे शहाण्णव आहे."

"मग एकशे शहाण्णव वाच."

"नाही, म्हणजे... बाकी सगळीकडे एकशे एकोणसत्तर येतं, मग काहीतरी एक आकडा, मग एकशे एक्केचाळीस. परत एकशे एकोणसत्तर, काहीतरी, एकशे एक्केचाळीस. इथेच तेवढं एकशे शहाण्णव."

मी तिला समजावलं की हे गाणं नाही, पालुपद यायला. ही यंत्राची भाषा आहे, त्यात वरवर दिसतं तसं नसतं. एकतीस वर्षं शिक्षकांना समजावलंय, त्याच सुरात समजावलं. ती "बरं" म्हणाली आणि पुढे वाचायला लागली.

गंमत म्हणजे पान संपलं तेव्हा उलटायच्या आधीच तिने पुढच्या पानावरचे चार आकडे म्हणून टाकले. बरोबर निघाले म्हणा. पण मी म्हटलंच, "बघ, हे असं अंदाजाने वाचतेस, म्हणून चुका होतात." चहा करायला वर गेली ती तासाभराने खाली आली.

२२ जानेवारी, सोमवार

सगळं टाइप झालं. खेळ सुरू केला. पडद्याच्या कडा जांभळ्या झाल्या आणि मशीन ठप्प. एकही बटण चालेना.

लेस्याने वाचताना चूक केली असणार. हे तिला मी शक्य तितक्या गोड शब्दांत सांगितलं. ती म्हणाली, "हो, मीच केली असेन." इतक्या सहज कबूल करते, हा तिचा गुण मला आवडतो.

२६ जानेवारी, शुक्रवार

छापील पान आणि पडदा, एकेक आकडा बोट ठेवून ताडून पाहिला. तीनदा. तीनशे बारापैकी तीनशे बारा बरोबर. खेळ चालत नाही. लेस्याची माफी मागायला हवी होती, पण ती रिंकवर, बर्फावरचं कर्लिंग खेळायला गेली होती. आल्यावर राहून गेलं.

आता संशय मशीनवर. मशीन बंद करून परत चालू केलं. सवय.

२ फेब्रुवारी, शुक्रवार

सहज विचारावं म्हणून विल्फला फोन केला. "तेव्हा तुझ्या मशीनवर गोफर व्यवस्थित चालायचा ना रे?"

तो आधी खाकरला. मग म्हणाला, "खरं सांगू का? नाही चालला कधी."

"म्हणजे?"

"दोनदा टाइप केला. ठप्प व्हायचा. मला वाटलं माझंच काहीतरी चुकलं."

"मग बोलला का नाहीस?"

"कसं बोलणार! सगळे म्हणत होते, काय सुंदर खेळ आहे. मीही म्हटलं, काय सुंदर खेळ आहे."

मग दातांचे डॉक्टर आर्व्हिड थॉर्लेफसन यांना फोन केला. तेही म्हणाले, नाही चालला. "मी तर त्यानंतर डोळे तपासून चष्मा घेतला," म्हणाले. "तसा उपयोगच झाला त्याचा." मग कॉर्मॅकबाईंना. त्या नव्वदीच्या आहेत पण आठवण लख्ख. त्यांनी शाळेत अकरा जोड्या बसवून मुलांकडून तो टाइप करून घेतला होता. अकरापैकी एकाचाही चालला नाही. "मी मुलांना सांगितलं, बघा, लक्ष नसलं की असं होतं. छान धडा मिळाला रे त्यांना, मायरन."

एकच गृहस्थ भेटला ज्याच्याकडे गोफर उत्तम चालायचा. तो म्हणाला, मी चौथ्या पातळीपर्यंत पोचलो होतो. खेळात पातळ्या तीनच आहेत.

म्हणजे अख्ख्या गावाने माझा खेळ टाइप केला, अख्ख्या गावात तो बंद पडला, आणि प्रत्येकाने दार लावून घेऊन स्वतःलाच दोष दिला. तेव्हाची रीतच ती. छापील ते बरोबर, चूक टाइप करणाऱ्याची. मोठ्या मासिकांत निदान ओळीच्या शेवटी बेरीज द्यायचे, ताडून बघायला. मी दिली नव्हती. विल्फ दे म्हणाला होता. मी म्हटलं होतं, ती चुका करणाऱ्यांसाठी असते.

६ फेब्रुवारी, मंगळवार

लेस्या बाजारात गेल्यावर खाली गेलो. एकशे शहाण्णवच्या जागी एकशे एकोणसत्तर टाकलं.

गोफर बिळातून बाहेर आला, इकडेतिकडे बघितलं, आणि पळाला. मागून ट्रॅक्टर.

मी अर्धा तास खेळलो. सतरा वर्षांचा असताना जेवढा हरायचो तेवढाच हरलो. मग खेळ थांबवून बसलो. आईच्या टाइपरायटरवर दोन आकड्यांची अदलाबदल झाली होती, एवढंच. पडद्यावरून बघून टाइप करत होतो, मागे रेडिओवर हॉकीची मॅच लागली होती. कोण जिंकलं तेही आठवत नाही.

लेस्या आल्यावर म्हणाली, "सापडलं का?" मी म्हटलं, "हो, किरकोळ होतं काहीतरी." तिने पिशव्या ओट्यावर ठेवल्या, काय होतं म्हणून विचारलं. मी म्हटलं, तांत्रिक आहे.

हे मी का म्हटलं? तिने बोट ठेवून दाखवलेला आकडा होता तो. लिहायला सोपं आहे, तोंडाने म्हणायला जड जातं.

११ फेब्रुवारी, रविवार

तोडगा सापडला. सोळा मार्चच्या भाषणात जाहीर कबुली द्यायची! आधी सगळ्यांना छापलंय तसंच टाइप करू द्यायचं, सगळ्यांची मशीनं एकदम ठप्प झाली की मी उभा राहणार. "मित्रांनो, चाळीस वर्षं तुम्ही स्वतःला मूर्ख समजलात. तो मान माझा होता." हशा. मग लेस्याला उभं करायचं, तिची निर्दोष सुटका जाहीर करायची. टाळ्या. तिलाही किती छान वाटेल. तोवर तिला काही सांगायचं नाही.

आरशासमोर दोनदा म्हणून पाहिलं. चांगलं जमतंय.

२० फेब्रुवारी, मंगळवार

भाषणाला जुना फोटो हवा होता म्हणून आईच्या घरून आलेलं खोकं उघडलं. शाळेची वार्षिकं, हॉकीची कार्डं, आणि माझी स्वतःची पत्रकाची प्रत.

एकशे शहाण्णवभोवती पेन्सिलीचं वर्तुळ आहे. शेजारी माझ्या अक्षरात १६९ लिहिलंय. खाली तारीख, २० मार्च ८४.

ती दारात आली सतरा तारखेला.

म्हणजे मला माहीत होतं. तिला हाकललं, मग तीन दिवसांनी पान ताडून पाहिलं, चूक सापडली, वर्तुळ केलं, तारीख घातली. तारीख घालायची शिस्त मला तेव्हापासून आहे. आणि मग मी ते साफ विसरून गेलो. इतका छान विसरलो की चाळीस वर्षं त्याच्यावर किस्सा सांगून जेवणं रंगवली.

आता थोडं थोडं आठवतंय. बुधवारी तिच्या घरी गेलो होतो. सांगायलाच गेलो होतो. दार तिच्या वडिलांनी उघडलं. दिमित्रो बोहोनोस म्हणजे दारात मावत नसत. म्हणाले, "तो डबा? तो या घरातून चाललाय. पोरीच्या डोक्याबाहेरचं आहे ते." मला वाटलं, मशीन गेलंच आहे तर सांगून काय फायदा. मग ती बाहेर आली. म्हणाली, "सॉरी, त्या दिवशी उगाच तुझा वेळ घेतला." आणि हसली. ते हसू फार सुंदर होतं. मी तिला शनिवारी कर्लिंगला येतेस का विचारलं.

पुढच्या अंकात दोन ओळींची दुरुस्ती छापता आली असती. विल्फने आनंदाने छापली असती. मी दिली नाही. मंडळात सगळे पाठीवर थाप मारत होते.

पत्रक परत खोक्यात ठेवलं. हे भाषणात घालायची गरज नाही. भाषण तसंही लांबलंय.

३ मार्च, रविवार

लेस्याने विचारलं, "तुझं काही दुखतंय का? चार दिवस झाले, एकही विनोद नाही." म्हटलं, दात. तिने थॉर्लेफसनकडे वेळ घेतली. उद्या धडधाकट दात घेऊन जायचं आहे.

१६ मार्च, शनिवार

विल्फच्या घरी, टेबलाशी बसून लिहितोय; भाषणासाठी वही बरोबर होतीच. का ते खाली येईल.

चोवीस माणसं, नऊ मशीनं. थॉर्लेफसन वाचत होते, विल्फ टाइप करत होता. कॉर्मॅकबाई मधल्या रांगेतून फिरून "लक्ष द्या, लक्ष द्या" म्हणत होत्या. नऊच्या नऊ पडदे जांभळे होऊन ठप्प झाले आणि मी उठलो.

भाषण ठरल्याप्रमाणे झालं. उलट ठरल्याहून जास्त हसले. थॉर्लेफसनांनी चष्मा काढून माझ्याकडे फेकल्याचा आविर्भाव केला. मग मी लेस्याकडे हात केला. ती मागे बटाटा भरलेल्या पेरोगींचे ट्रे मांडत होती. "आणि ही माझी बायको! चाळीस वर्षं निरपराध असून शिक्षा भोगतेय! लेस्या, उभी राहा. अगं, उभीच आहेस की!" परत हशा. लोक वळून वळून टाळ्या वाजवत होते.

तिने हातातला ट्रे नीट टेबलावर ठेवला. हात पुसले. कोट घातला आणि गेली. बाहेर उणे अठरा आहे. मला वाटलं, ट्रकचं इंजिन गरम करून ठेवायला गेली. किती विचार करते, असंसुद्धा मनात आलं.

हॉल आवरून खाली आलो तर ट्रकच नव्हता.

विल्फ गाडीत म्हणाला, "तिला घरी आधी सांगितलं होतंस ना?"

"सरप्राइज होतं."

दोन चौक गेल्यावर म्हणाला, "आधी माझ्याकडे चल. कॉफी घे." कॉफी केली, दोन घोट प्यायला, म्हणाला, "मायरन, मी तुझ्या जागी असतो ना, तर आज घरी जाऊन तोंड बंद ठेवलं असतं. आणि उद्या उघडलं असतं."

१७ मार्च, रविवार

लेस्या चर्चचे कपडे घालून ओट्याशी बटाटे सोलत होती. मला बघून म्हणाली, "बस."

बसलो.

"तू हॉलला सांगितलंस. मला सांगितलं नाहीस."

"तू हॉलमध्येच होतीस ना."

हे उत्तर चुकलं, ते तोंडातून बाहेर पडतानाच कळलं.

"आता मला सांग," ती म्हणाली. "इथे. टाळ्या नसताना."

सांगितलं. एकशे शहाण्णव नव्हे, एकशे एकोणसत्तर. चूक माझी. तू म्हणालीस ते बरोबर होतं. तू वाचलंस तेही सगळं बरोबर होतं.

"तुला कधी कळलं?"

"सहा फेब्रुवारीला. तू बाजारात गेली होतीस तेव्हा."

तिने मान हलवली आणि पुढचा बटाटा घेतला. तिने विश्वास ठेवला. मी जे सांगतो ते खरं असणार, म्हणून ठेवला. उठून कॉफी ओतून घेतली असती तर विषय तिथेच संपला असता. मी उठलोही होतो.

"नाही," मी म्हटलं. "वीस मार्चला. चौऱ्याऐंशीच्या."

सुरी थांबली. "मंगळवार होता," ती म्हणाली. तिच्या कसं लक्षात राहिलं मला माहीत नाही.

"हो. मी बुधवारी सांगायला आलो होतो तुझ्याकडे, खरंच. तुझे वडील म्हणाले, मशीन घरातून चाललंय. मला वाटलं गेलंच. आता कशाला..."

"कुठेही गेलं नव्हतं. ईस्टरपर्यंत, चांगलं महिनाभर माझ्या खोलीत होतं."

तिने सुरी खाली ठेवली. माझ्याकडे बघितलं नाही, खिडकीकडे बघत बोलली.

"शाळेतून आले की बसायचे. सगळं पुसायचं आणि पहिल्यापासून टाइप करायचं. तो आकडा मला दर वेळी खटकायचा. एकदा बदलून बघू, असं दर वेळी वाटायचं. पण तू म्हणाला होतास, छापलंय तसंच कर. नऊ वेळा केलं, मायरन. नऊ वेळा तसंच केलं. नंतर मीच बाबांना म्हटलं, देऊन टाका, मला नाही जमत. विनिपेगच्या कॉलेजचा, कॉम्प्युटर शिकायचा फॉर्म भरून ठेवला होता, तो पाठवला नाही."

"मला हे कधी सांगितलं नाहीस."

"तू किस्सा सांगत असायचास."

माझ्या जिभेवर काहीतरी आलं. मला ओळखणाऱ्यांना माहीत आहे की अशा वेळी काहीतरी येतंच. मी गिळलं. चाळीस वर्षांत पहिल्यांदा गिळलं असेन. म्हटलं, "मला माफ कर."

"आज नाही."

बटाटे पाण्यात टाकले, हात धुतले, कोट घातला. मी चर्चला यायला उठलो तर म्हणाली, "तू थांब. मी जाते." दाराशी बूट चढवताना वळली.

"खालचं ते मशीन खोक्यात भरू नकोस."

"बरं."

"आणि मला शिकवायला येऊ नकोस."